वाटेवरचा चोथा

"त्यावर पाय देऊ नकोस," छिन म्हणाली आणि माझी बाही धरून तिनं मला बाजूला ओढलं. छिन आमच्या वॉर्डातली नर्स. आम्ही दोघी सकाळच्या ड्यूटीला निघालो होतो.

हॉस्पिटलच्या फाटकासमोर, अगदी वाटेत, एक म्हातारी मातीचं भांडं उपडं करत होती. आतून वाफाळता काळपट चोथा भदकन रस्त्यावर पडला. मुळ्यांचे तुकडे, पातळ चकत्या, फुगलेली तांबडी बोरं. म्हातारीनं भांड्याच्या बुडावर दोन थापा मारून शेवटचा कणही खाली पाडला.

"हे काय?" मी विचारलं.

"काढ्याचा चोथा. घरात कोणी आजारी असलं की खेड्यातले लोक तो असा वाटेवर ओततात. जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय पडला की त्याच्या पायाबरोबर रोग निघून जातो म्हणे." छिन हसली. "मी नाही मानत असलं काही."

पण वळसा तिनंही घातला होता, आणि मीही. ड्यूटीवर चाललेले डॉक्टर, डबे घेऊन आलेले नातेवाईक, सगळेच त्या ढिगाला वळसा घालून जात होते.

म्हातारी वळली आणि मी तिला ओळखलं. आमच्या वॉर्डातल्या बारा नंबरच्या मुलाची आजी. सगळे तिला लू नाइनाइ म्हणत. नाइनाइ म्हणजे आजी.

मला तिची अशी चीड आली की विचारू नका. ती चीड का आली हे सांगायला आधी मिरजेला जावं लागेल.

मिरजेत आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. ज्येष्ठमध, मंजिष्ठा, नागरमोथा, अश्वगंधा यांच्या गोण्या आणि त्यांच्यामध्ये गादीवर बसलेले आप्पा. माझ्या शाळेच्या गणवेशाला, वह्यांना, केसांना त्या गोण्यांचा वास असायचा आणि वर्गातल्या मुली मला 'मुळी' म्हणायच्या. कुणी गिऱ्हाईक घरातला उरलेला चोथा कागदात बांधून आणायचं, "हेच परत द्या" म्हणायचं. तेव्हा आप्पा तो चोथा पसरून मला बोलवायचे. "गौरव्वा, ये. सांग बघू यात काय काय हाय." नऊ वर्षांची असताना मी अकरा जिन्नस ओळखले होते. आप्पांनी ते अख्ख्या लक्ष्मी मार्केटला सांगितलं, आणि मी आठवडाभर शाळेत गेले नाही.

मी डॉक्टर व्हायला निघाले ती निम्मी रोग्यांसाठी आणि निम्मी त्या वासापासून पळायला. इथं मार्क कमी पडले म्हणून दक्षिण चीनमधल्या एका शहरात गेले. पहिल्याच संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर पडले तर समोर दुकान, आणि दुकानातून तोच वास.

असो. ही गोष्ट २०११ च्या जूनमधली. माझं शेवटचं वर्ष, म्हणजे इंटर्नशिप चालू होती, लहान मुलांच्या रक्तविकारांच्या वॉर्डात. बारा नंबरवर होता आबाओ. वय वर्षं चार. त्याला जो आजार होता त्याला तिकडे सरळ 'बाकल्याचा रोग' म्हणतात. बाकला म्हणजे आपल्या पावट्याची थोराड चुलत बहीण. या मुलांच्या तांबड्या पेशींत जन्मापासूनच एक द्रव्य कमी असतं. एरवी मूल ठणठणीत. पण बाकला खाल्ला, काही ठरावीक औषधं पोटात गेली, की पेशी भराभर फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते आणि दोन दिवसांत मूल पांढरंफटक पडतं. वेळेवर रक्त दिलं नाही तर जातंही.

आबाओ वीस दिवसांत तिसऱ्यांदा आला होता. रक्त दिलं, सलाईन दिलं, पाच-सहा दिवसांत गालावर रंग आला, घरी पाठवलं, आणि तिसऱ्या दिवशी आजी त्याला पाठुंगळीला मारून परत दारात. आम्ही सगळे हैराण झालो होतो. आता म्हातारी काढ्याचा चोथा ओतताना दिसली आणि मला वाटलं, सापडलं.

मी छिनला मागे टाकून जिना चढले आणि थेट तान सरांच्या खोलीत गेले. तान सर विभागप्रमुख. कडक इस्त्रीचा कोट, मोजकं बोलणं. सहा महिन्यांत त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

"सर, बारा नंबरची आजी मुलाला काढा पाजते. मी आत्ता चोथा ओतताना पाहिलं."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "नक्की?"

"अजून फाटकासमोर पडलाय."

"शाबास, गाओ ली." माझ्या 'गौरी'चं त्यांनी असं चिनी करून टाकलं होतं. "प्रांताच्या कचेरीतून विचारणा आलीय. एकच मूल वीस दिवसांत तीनदा भरती का होतं? मी उत्तर काय देऊ म्हणत होतो."

लू नाइनाइला बोलावलं. ती आली तेव्हा भांडं अजून तिच्या हातातच होतं. बुटकी, उन्हानं रापलेली, पायात प्लास्टिकच्या चपला. आठवडी बाजारात ती डोंगरातल्या मुळ्या-पाल्याची पथारी लावायची. आबाओचे आईबाप नऊ तासांच्या रेल्वेप्रवासावर, एका बुटांच्या कारखान्यात. पोरगं आठ महिन्यांचं असल्यापासून आजीकडे.

"तुम्ही त्याला काही पाजता?" तान सरांनी विचारलं.

"पाजते."

"बाहेरचं काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं ना?"

"हे बाहेरचं नाही. माझ्या हातचं आहे."

"तुमच्या हातच्यानंच त्याचं रक्त फुटतंय."

"या काढ्यानं नाही फुटत," ती म्हणाली. आवाज न चढवता, जिन्नस विकताना सांगावं तसं.

तान सर मागे टेकले. "मी अहवाल पाठवणार आहे. तो गेला की तुमचा पथारीचा परवाना रद्द होईल. आणि मुलाच्या वडिलांना फोन केलाय. परवा येतील ते, त्याला घेऊन जातील."

म्हातारीनं पहिल्यांदा मान खाली घातली. "तिथं ते दोघं बारा-बारा तास कामावर असतात. त्याला कोण बघणार?"

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "हिनं सांगितलं?"

"तिनं तिचं काम केलं," तान सर म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "पाचपर्यंत लिहून आण. कारण, नातेवाइकानं दिलेली वनौषधी. मी शिक्का मारतो. आणि हो, शुक्रवारी तुझा इंटर्नशिपचा दाखलाही आण सहीला."

मी खूश होते. ते लपवून काय करू? मूळ शोधून काढलं होतं, शाबासकी मिळाली होती, दाखला मिळणार होता. दुपारी कॅन्टीनमध्ये नूडल्स खातखात मी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, तपासण्या, सगळं झालं. मग एक रकाना आला: कोणती वनौषधी?

आजीला विचारायची हिंमत नव्हती. मी हातमोजे घेऊन फाटकाबाहेर गेले.

ऊन रणरणत होतं. चोथा वाळून कडेनं पसरला होता, पण मधला ढीग तसाच होता, अख्ख्या शहरानं वळसे घातले होते त्याला. मी उकिडवी बसले आणि वर्गातल्या मुलींपैकी इथं कुणी नाही याबद्दल देवाचे आभार मानले.

आधी ज्येष्ठमध. तो काय कुठल्याही देशात ओळखता येतो, पिवळ्या तंतूंची काडी. मग आलं. मग बोरं. तान सरांना संशय होता हुआंगल्यान नावाच्या मुळीचा. पिवळीजर्द, विखारी कडू, आणि या मुलांना ती अजिबात चालत नाही. मला दोन प्रकारच्या चकत्या सापडल्या ज्या माझ्या ओळखीच्या नव्हत्या. एक फिकट पिवळी. मी ती पुसली आणि जिभेवर ठेवली. गोडसर. दुसरी तपकिरी, तेलकट, उग्र वासाची. समोरच्या दुकानातल्या माणसानं एका नजरेत दोन्ही ओळखल्या. "अशक्त पोरांना देतात," तो म्हणाला. "आम्ही कोंबडीच्या रश्श्यातही घालतो."

आमच्याकडे या मुलांसाठी वर्ज्य गोष्टींची जी यादी होती, तिच्यातलं एकही नाव त्या ढिगात नव्हतं.

माझं तोंड उतरलं. काढ्यानं मूल बरं होत होतं असं मी म्हणत नाही. बरं होत होतं ते आम्ही दिलेल्या रक्तानं. पण बिघडतही नव्हतं, आणि मी तर सकाळीच जाऊन सांगून बसले होते. मी टेलिफोनच्या दुकानात गेले आणि मिरजेला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेदहा.

"दुकान उघडायलोय. बोल की," आप्पा म्हणाले.

"आप्पा, एखादं गिऱ्हाईक येऊन म्हणालं, तुमच्या औषधानं माझं पोरगं बिघडलं, तर तुम्ही काय करता?"

"आधी पाणी देतो."

"मग?"

"मग विचारतो, औषध कधी दिलंस आणि पोरगं कधी बिघडलं. निम्मी भांडणं तितंच मिटत्यात." शटरचा आवाज आला. "का गं? तू कधीपासनं दुकानाचं विचारायलीस?"

"सहज," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

इतका साधा प्रश्न. तो वॉर्डात कुणीही विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

आबाओ पलंगावर बसून लीचीच्या बिया ओळीनं मांडत होता. आजी ओल्या फडक्यानं त्याची बोटं पुसत होती. मला पाहून तिनं फडकं पिळलं आणि पाठ केली.

"नाइनाइ, तुम्ही काढा कधी देता?"

"परत जाऊन सरांना सांगायचंय?"

"हो," मी म्हणाले. "सकाळी अर्धवट सांगितलं. आता पूर्ण सांगायचंय."

ती वळली आणि फडकं पलंगाच्या दांडीवर टाकलं. "इथं आल्यावर देते. रोज सकाळी एक वाटी. मागच्या गल्लीत खोली घेतलीय, तिथं चूल आहे."

"आणि घरी?"

"घरी कशाला? बरा झाल्यावरच पाठवता ना घरी?"

म्हणजे काढा पीत होता तो इथं, जिथं तो सुधारत होता. बिघडत होता तो घरी, जिथं काढा नव्हता. मी खुर्ची ओढून बसले.

"तुम्हाला जाताना एक कागद दिला होता."

"आहे की." तिनं उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून चौघडी केलेला कागद. एक डाग नाही त्यावर. "जपून ठेवलाय. शिक्का आहे त्यावर तुमचा."

मी वाचायला लागले. एक, बाकला, ओला किंवा वाळलेला. तिनं मान हलवली, नाही. दोन, वनौषधी, आणि पुढे नावं. नाही, नाही, ते कडू तर मी कुणाच्याच पोराला देत नाही. तीन, चार, पाच. नाही. सहा, तापाच्या अमुक गोळ्या. गोळ्या घरात नाहीतच. सात, कपड्यांत किडे लागू नयेत म्हणून ठेवतात त्या पांढऱ्या गोळ्या. घरात ठेवू नयेत, मुलाजवळ ठेवू नयेत, अंगाला लागू देऊ नयेत.

मान हलली नाही.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. ती उठली, पलंगाखालचं गाठोडं ओढलं आणि त्यातून एक लहानशी पिशवी काढली. लाल रेशमी, वर वाघाचं तोंड भरतकामानं काढलेलं. तिकडच्या पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या सणाला, त्या वर्षी तो जूनच्या सुरुवातीला होता, मुलांच्या गळ्यात अशी सुगंधी पिशवी बांधतात, रोगराई दूर राहावी म्हणून. ती माझ्या नाकाजवळ यायच्या आधीच मला कळलं. डांबरगोळी. आमच्या दुकानात तिला बंदी होती. शेजारच्या कापडवाल्याकडून नुसता वास आला तरी आप्पा गोण्या हलवायला लावायचे.

"पूर्वी आम्ही डोंगरातल्या कापराच्या झाडाचं लाकूड किसून घालायचो," ती म्हणाली. "आता ती झाडं तोडायला बंदी आहे. बाजारात या गोळ्या मिळतात. वास कडक. किडा पळतो, तर म्हटलं रोगही पळेल. कुटून घातल्या."

"सणाला बांधलीत?"

"सणाला. दोन दिवसांनी आजारी पडला. इथं आलो तर या नर्सबाईनं काढून ठेवली."

ते खरं होतं. भरती करताना गळ्यात दोरा ठेवायचा नाही असा नियम होता. छिन दर वेळी ती पिशवी काढायची आणि कपड्यांबरोबर गाठोड्यात टाकायची.

"आणि घरी जाताना?"

"फाटकातच बांधायचे. घरी पोचेपर्यंत तरी कशाला थांबायचं?" तिचा आवाज आता फार बारीक झाला होता. "दर वेळी दोन गोळ्या वाढवायचे. पोरगं पुन्हा पुन्हा आजारी पडतंय, म्हटलं कमी पडत असतील."

आबाओनं बियांची ओळ पुरी केली आणि आम्हाला दाखवली. आजीनं ती मोजल्यासारखं केलं. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि कागदाकडे बोट दाखवलं.

"हे सातव्या ओळीत होतं?"

"हो."

"दोन्ही वेळेला?"

"हो. कागद तोच असतो."

"मला अक्षर येत नाही, पोरी. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्यात कसली लाज? खाली सही कुणाची आहे?"

मला बघायची गरज नव्हती. डिस्चार्जचे कागद वाटायचं काम इंटर्नचं. सही माझीच होती, दोन्ही वेळची. आडवीतिडवी, घाईची.

"कागद देताना तू काय म्हणालीस, आठवतंय?" ती म्हणाली. "म्हणालीस, सगळं यात आहे."

आयुष्यात मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. 'मुळी' म्हणायच्या तेव्हा नाही, मार्क कमी पडले तेव्हाही नाही. ती पोराच्या गळ्यात विष बांधत होती आणि तिला थांबवणारी ओळ मी स्वतः तिच्या हातात कोंबली होती, दुसरीकडे बघत. वर आज सकाळी जाऊन तिचीच चहाडी केली होती.

लाजेनंतर राग आला. आधी स्वतःचा, मग त्या रकान्याचा, आणि मग पाच वाजता मारल्या जाणाऱ्या शिक्क्याचा.

"तुमची वही द्या," मी म्हणाले.

तिकडे प्रत्येक रोग्याची एक वही असते. डॉक्टर तपासून तिच्यातच लिहितो आणि वही रोग्याकडेच राहते. कुठल्याही दवाखान्यात जा, आधी वही दाखवा. मी शाईच्या पेनानं लिहिलं, माझ्या चिनी अक्षरांत, बालवाडीतल्यासारखं एकेक घर भरत. तीनही वेळचं कारण, गळ्यातल्या पिशवीतल्या किडेमार गोळ्या. काढ्यातले पाच जिन्नस तपासले, वर्ज्य काही नाही. काढा फक्त हॉस्पिटलमध्ये दिला. मग पुढचं वाक्य लिहिलं. सूचनांचा कागद आजीला दोनदा दिला, तिला वाचता येतं का हे विचारलं नाही, वाचून दाखवला नाही. कागद देणारी, गौरी पट्टणशेट्टी. तारीख घातली. तेच सगळं फॉर्मवर उतरवलं आणि पाचला पाच कमी असताना तान सरांच्या टेबलावर ठेवलं, वर ती पिशवी.

त्यांनी पिशवी हुंगली आणि डोळे मिटले. "गोळ्या," ते म्हणाले. "छान शोधलंस. खरंच." ते डॉक्टर चांगले होते, उगीच का खोटं बोलू? लगेच छिनला बोलावून पिशवी बंद डब्यात टाकायला लावली. मग खालचं वाचलं.

"हे शेवटचं कशाला?"

"तसंच झालं, सर."

"झालं असेल. अहवालात नको. विभागानं छापील सूचना दिली, आपली जबाबदारी संपली. आणि वनौषधीचा रकाना मोकळा ठेवलास?"

"त्यात लिहिण्यासारखं काही नाही."

"तिनं नियम मोडून काढा दिला. एक कारण गोळ्या, दुसरं काढा. असं लिहिलं की वरून कुणी पुढे विचारत नाही."

"परवाना जाईल तिचा. आणि मुलगाही."

"गाओ ली, मुलाच्या गळ्यात ती पिशवी कुणी बांधली? मी बांधली?"

"तिनंच बांधली. ते लिहिलंय मी. आपण काय केलं तेही लिहिलंय."

"शेवटचं वाक्य काढ. काढ्याचं घाल. पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही, सर."

त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "शुक्रवारी तुझा दाखला माझ्याकडे येणार आहे."

"माहीत आहे."

"मग?"

माझं नाक वाहायला लागलं होतं. ऐटीत उभी होते असं सांगितलं तर ते खोटं होईल. "मी मुलाच्या वहीतही लिहून टाकलंय," मी म्हणाले. "शाईनं."

त्यांनी हात पुढे केला.

"वही आण इकडे."

"वही पेशंटची असते, सर. त्यातलं पान फाडायचं नसतं. पहिल्या आठवड्यात तुम्हीच शिकवलंत."

"तर मग दाखला विसर."

"विसरले," मी म्हणाले, आणि कोटाच्या बाहीला नाक पुसून बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी आबाओचा बाप आला. खांद्याला एक बॅग, डोळ्यांत झोप. मी त्याला आणि आजीला समोर बसवलं आणि सातही ओळी वाचून दाखवल्या. मग आजीकडून परत म्हणून घेतल्या. ती एकदाही चुकली नाही. पन्नास मुळ्यांचे गुण जिला पाठ, तिला सात ओळी काय जड? बापानं वही दोनदा वाचली. एका पानावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, "ही तुम्ही?" म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. त्यानं वही आपल्या आईच्या हातात दिली आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. पुढे अहवालावरून बाजारातला अधिकारी पथारीशी आला तेव्हाही तिनं तीच वही उघडून धरली, असं छिननं मला कळवलं. परवाना राहिला. आबाओ चौथ्यांदा आला नाही.

माझे सहा महिने गेले. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या हॉस्पिटलात पुन्हा पहिल्यापासून इंटर्नशिप केली. आप्पांना फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा पलीकडे गिऱ्हाइकाची कुजबुज चालू होती. "सहा म्हैने गेले तर गेले," आप्पा म्हणाले. "पर तू तिला आधी पाणी दिलीस काय?" दिलं नव्हतं. आजही ते आठवलं की मला चुटपुट लागते.

आता मी मिरजेतच मुलं तपासते. माझ्याकडे डिस्चार्जचा कागद कुणाच्या हातात नुसता पडत नाही. मी वाचते, ते परत म्हणतात, चुकलं तर पुन्हा. लोक कंटाळतात, शिकलेले तर जास्तच. कंटाळोत.

पण सांगायची राहिलीय ती शुक्रवारची सकाळ. ज्या दिवशी दाखला मिळायचा होता, त्या दिवशी तो न घेताच मी बॅग उचलून हॉस्पिटलातून कायमची बाहेर पडले. दुसरी बॅग छिननं उचलली होती. आबाओला दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. फाटकासमोर लू नाइनाइ उभी होती, हातात तेच मातीचं भांडं. काढा तिनं बंद केला नव्हता. तान सर वरच्या खिडकीत उभे होते आणि त्यांना ती स्वच्छ दिसत होती, हे तिलाही माहीत होतं. तिनं भांडं उपडं केलं. ताजा चोथा भदकन वाटेत पडला आणि लोक वळसे घालायला लागले.

"गाओ ली, इकडून," छिननं माझी बाही धरली.

मी बाही सोडवून घेतली. सरळ चालत गेले आणि त्या ढिगावर पाय ठेवला. आधी एक, मग दुसरा. सँडलच्या पट्ट्यांतून गरम चिखल बोटांत शिरला आणि ज्येष्ठमधाचा वास आला, आमच्या दुकानाचा. मी तिथंच उभी राहिले, खिडकीतून नीट दिसेल अशी.

आजी जवळ आली. तिनं भांड्याच्या बुडावर दोन थापा मारल्या आणि राहिलेलं माझ्या पायांवर पाडलं. मग मी छिनकडून बॅग घेतली आणि तशाच भरल्या पायांनी बसस्टॉपकडे निघाले.